अनुभव धागा: आपल्या खेळाला साजेसं ब्लेड आणि रबर कसं निवडावं?

टेबल टेनिसची (टीटीची) बॅट म्हणजे ब्लेड, ही लाकडी फळी, आणि तिच्या दोन्ही बाजूंना चिकटवलेलं रबर. ती घ्यायला गेलं की दुकानदार आधी बजेट विचारतो, मग आवडता खेळाडू. त्याआधी स्वतःला विचारायचा प्रश्न असा: माझे गुण कुठल्या फटक्यावर मिळतात आणि कुठल्या फटक्यावर जातात? याचं उत्तर ठरलं की निम्मी निवड झालीच. फोरहँड लूपवर (बॉलला पुढची गिरकी, म्हणजे टॉपस्पिन देणाऱ्या फटक्यावर) गुण घेणारा, टेबलाला चिकटून ब्लॉक करणारा (जोराचा बॉल नुसता अडवून परतवणारा) आणि मागे जाऊन चॉप करणारा (बॉल खालून कापून परतवणारा), या तिघांना एकच बॅट चालणार नाही.

या धाग्यात अनुभवी खेळाडूंनी आणि बॅट जोडून देणाऱ्यांनी लिहावं. कुठल्या शैलीला कुठलं ब्लेड, रबर किती जाडीचं, ते का, आणि कुठे बिनसतं हे नेमकेपणाने सांगा. ‘हे भारी आहे’ एवढ्यावर थांबू नका.

पाचप्लाय

ब्लेडपासून सुरुवात करा. रबर काही महिन्यांत बदलतं, ब्लेड वर्षानुवर्षं हातात राहतं.

नियमाप्रमाणे ब्लेडची किमान ८५ टक्के जाडी नैसर्गिक लाकडाची लागते. कार्बनसारख्या फायबरचा एक थर एकूण जाडीच्या ७.५ टक्के किंवा ०.३५ मिमी, यांपैकी जे कमी असेल त्याहून जाड चालत नाही. तरी हा पातळ थर खेळ बदलून टाकतो, आणि तो कुठे बसवलाय यावर बरंच ठरतं. बटरफ्लायच्या व्हिस्कारिया किंवा टिमो बोल एएलसी या ब्लेडमध्ये (एएलसी म्हणजे आरिलेट-कार्बन) फायबर वरच्या पापुद्र्याच्या लगेच खाली असतो. त्यामुळे हलक्या स्पर्शालाही बॉल पटकन सुटतो. इनरफोर्स लेयर एएलसीमध्ये तोच फायबर गाभ्याला लागून आहे. तिथे हळू खेळताना लाकडाची जाणीव राहते आणि जोरात मारल्यावरच कार्बन जागा होतो. लूप हा मुख्य फटका असेल आणि कार्बन हवंच असेल, तर आधी आतल्या फायबरचं घ्या.

ज्याचा टॉपस्पिन दहापैकी निदान आठ वेळा तरी टेबलावर पडत नाही, त्याने कार्बनच्या वाटेला जाऊ नये. स्टिगा ऑलराउंड क्लासिक, डोनिक अ‍ॅपेलग्रेन ऑलप्ले किंवा यासाका स्वीडन एक्स्ट्रा ही पाच प्लायची (थरांची) लाकडी ब्लेड आहेत. बॉल त्यांच्यावर जरा जास्त वेळ टेकतो, आणि फटका चुकला तर कुठे चुकला ते हाताला कळतं. वेगवान ब्लेडवर ही जाणीव येण्याआधीच बॉल निघून गेलेला असतो. सात प्लायचं लाकूड, उदाहरणार्थ क्लिपर, हे सपाट फटका आणि ब्लॉक करणाऱ्यांचं.

वरच्या पापुद्र्याचं लाकूडही बघा. लिंबा मऊ, स्पिनला चांगलं. कोटो कडक, बॉल चटकन सोडणारं. रबर न लावता ब्लेडवर बॉल टप्पे खाऊ द्या. आवाज जितका बारीक आणि टणक, तितकं ब्लेड ताठ.

लूपवरच गुण

रबराच्या तीन गोष्टी वेगवेगळ्या तपासा: टॉपशीट (वरचा रबरी पापुद्रा), त्याखालच्या स्पंजचा कडकपणा, स्पंजची जाडी.

डीएचएस कंपनीच्या हरिकेन ३ सारखं चिनी चिकट रबर स्वतःहून फारसं उसळत नाही. बॉल दाबून, पाय आणि कंबर वापरून पूर्ण फटका मारला तरच ते वेग देतं, पण मग स्पिन जबरदस्त. सर्व्हिस आणि छोट्या पुशला (खालून हलकेच ढकललेल्या फटक्याला) ते सोन्यासारखं, कारण हलक्या स्पर्शाला संथ असतं. अर्धवट हात फिरवणाऱ्याचा बॉल मात्र नेटमध्ये जातो. युरोपियन टेन्सर प्रकारात ताणलेला स्पंज स्वतः बॉल फेकतो. छोट्या हालचालीतही लूप खोल पडतो. किंमत मोजावी लागते ती सर्व्हिस रिटर्नमध्ये, बॉल उंच राहतो.

कडकपणाचे आकडे कंपनी बदलली की तुलनेचे राहत नाहीत. डीएचएसचं ३९, बटरफ्लायचं ३६ आणि जर्मन बनावटीचं ४७.५ या तीन वेगळ्या पट्ट्या आहेत. बटरफ्लायच्या टेनर्जी ०५ चं ३६ पाहून ‘हे हरिकेनपेक्षा थोडंसंच मऊ’ असं समजणं चूक. प्रत्यक्षात फरक मोठा आहे. एकाच कंपनीच्या मालिकेत तुलना करा: झिओम वेगा युरोप ४२.५, वेगा प्रो ४७.५. आठवड्यातून तीनदा खेळणाऱ्या क्लब खेळाडूला बॅकहँडला पहिलं आणि फोरहँडला दुसरं ही सोपी, खात्रीची जोडी आहे.

जाडी: लूपसाठी स्पंज २.० मिमी किंवा मॅक्स (सर्वांत जाड), ब्लॉक आणि पुशवर जगणाऱ्याला १.८. पातळ स्पंजवर जोराचा बॉल लाकडापर्यंत दाबला जातो आणि सपाट निघतो. जाड स्पंज तो झेलून वर उचलतो. ‘मॅक्स’ म्हणजे हवं तेवढं जाड असं नाही. टॉपशीट, स्पंज आणि गोंद मिळून ४.० मिमीची मर्यादा आहे.

एक पालक

मुलगी ९ वर्षांची आहे, रेडीमेड बॅटवर सहा महिने खेळली. प्रशिक्षकांनी जोडलेली बॅट घ्यायला सांगितलंय. सुरुवातीलाच चांगलं कार्बन घेतलं तर पुढे खर्च वाचेल का?

पाचप्लाय

नाही वाचणार, ताई/दादा. त्या वयात फटक्याची चाकोरी बसत असते. वेगवान बॅटने मुलं हात आखडून खेळतात आणि ती सवय पुढे सुटत नाही. ८० ते ८५ ग्रॅमचं पाच प्लायचं ऑलराउंड ब्लेड घ्या. दोन्ही बाजूंना मऊ ते मध्यम कडक, १.५ किंवा १.८ मिमीचं साधं रबर लावा. १९६९ पासून चालत आलेलं यासाका मार्क व्ही या कामाला आजही उत्तम. वर्षभराने फोरहँडचंच रबर बदला, ब्लेड तेच ठेवा. एका वेळी एकच गोष्ट बदलली तरच कशाने काय झालं ते समजतं.

पिंपल्सवाली

पिंपल्सकडे (दाणे बाहेरच्या बाजूला असलेल्या रबराकडे) लोक ‘जुगाड’ म्हणून बघतात, त्याचं वाईट वाटतं. मनिका बत्रा बॅकहँडला लाँग पिंपल्स (लांब दाण्यांचं रबर) लावून, मध्येच बॅट हातात फिरवून, जगातल्या वरच्या खेळाडूंना हरवत आली आहे. भारताच्याच ऐहिका मुखर्जीने २०२४ मध्ये बुसानच्या जागतिक सांघिक स्पर्धेत तेव्हाच्या जगात अव्वल चीनच्या सुन यिंगशाला हरवलं ते अँटी रबर (पिंपल्ससारखंच स्पिन न पकडणारं, पण गुळगुळीत रबर) वापरून. ही पूर्ण विकसित शैली आहे आणि तिला स्वतःचं शास्त्र आहे.

लाँग पिंपल्स वाकतात, बॉलला पकडत नाहीत. म्हणून समोरच्याची स्पिन तशीच फिरत राहते: त्याचा टॉपस्पिन त्याच्याकडे बॅकस्पिन (मागची गिरकी) होऊन जातो, त्याच्या बॅकस्पिनला पुश केलं तर बॉल हलक्या टॉपस्पिनने किंवा स्पिनविना तरंगत जातो. ही उलटापालट समजली नाही तर पिंपल्सचा पहिला बळी तुम्हीच.

टेबलाजवळ ब्लॉक करायचं असेल तर स्पंज नसलेलं ओएक्स घ्या, उलटापालट सर्वांत जास्त मिळते. मागे जाऊन चॉप करायचं असेल तर ०.५ ते १.० मिमी स्पंज हवा. नाहीतर जोराच्या लूपवर बॉल लाकडावरून उडतो आणि लांब जातो. ब्लेड संथ, लाकडी. वेगवान कार्बनवर ओएक्स लावून ‘ब्लॉक बाहेर जातो’ म्हणणाऱ्यांचा दोष रबराचा नसतोच. बॅट फिरवणाऱ्यांनी सरळ मूठ घ्यावी. खाली पसरट मूठ फिरवताना बोटांत अडकते.

शॉर्ट पिंपल्स हे वेगळंच हत्यार आहे. समोरची स्पिन कमी टोचते, फटका सपाट आणि लवकर बसतो, पण स्वतःची स्पिन कमी. टेबलालगत उसळत्या बॉलवर मारणाऱ्यांसाठी.

चिकटवणारा

निवड बरोबर असूनही लावताना वाट लागते, म्हणून हे लिहितो. २००८ मध्ये स्पीड ग्लू (रबराचा वेग वाढवणारा रासायनिक गोंद) बंद झाला, आता पाण्यावर आधारित गोंदच वापरा. बूस्टर (स्पंज फुगवून वेग वाढवणारं तेलकट द्रव्य) लावणंही नियमबाह्य आहे.

जुनं रबर मुठीच्या कोपऱ्यातून तिरपं, हळू सोला. झटका दिला की लाकडाचे तंतू निघतात, लिंबाचे तर हमखास. नव्या ब्लेडला आधी लाकडाच्या लाखेचा एकच पातळ हात द्या. मग साधारण ३ मिली गोंद स्पंजवर ओता आणि फोमच्या तुकड्याने मिनिटाच्या आत पसरवा. अर्धवट वाळलेल्यावर पुन्हा हात फिरवला की गाठी होतात आणि त्या जागी बॉल वेगळा उसळतो. स्पंजची छिद्रं मोठी असतील तर पहिला थर वाळल्यावर दुसरा. लाकडावर एक पुरे. पांढरा गोंद पूर्ण पारदर्शक झाला की जोडा: एरवी १० ते १५ मिनिटं, कोकणात किंवा मुंबईत जुलैमध्ये अर्धा तासही लागतो. घाई केली तर आत ओल राहते आणि फुगे येतात.

कंपनीचं नाव आणि आयटीटीएफची (आंतरराष्ट्रीय टेबल टेनिस महासंघाची) खूण मुठीजवळ दिसेल असं रबर ठेवा. लाटणं फिरवा, पण दाबू नका. दाबाने रबर ताणलं जातं आणि चार दिवसांत आकसून कडेला लाकूड उघडं पडतं. तासभर पुस्तकांखाली ठेवून रबराची बाजू खाली करा, नवं पातं घातलेल्या कटरने कडेकडेने कापा.

पावसाळ्यात एसी नसलेल्या हॉलमध्ये रबरावर ओल धरते आणि बॉल घसरतो. चिकट रबराचे हाल जास्त. कोरडा सुती रुमाल जवळ ठेवा, दर सहा गुणांनंतर टॉवेल वापरायची मुभा असते तेव्हा बॅटही पुसा. खेळून झालं की ओल्या स्पंजने धूळ काढा, वाळवा, वर फिल्म लावा. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात बॅट स्कूटीच्या डिकीत राहिली तर कडा सुटतात.

मनगटदुखी

वजनाबद्दल कोणीच लिहिलं नाही! ८६ ग्रॅमचं ब्लेड, कापलेलं ४८ ग्रॅमचं एकेक रबर, गोंद आणि कडेची टेप ५ ग्रॅम: झाले १८७. तेच ९० च्या ब्लेडवर दोन्हीकडे ५२ ग्रॅमची कडक रबरं लावली की १९९. हे १२ ग्रॅम मुठीत नसतात, टोकाकडे असतात, त्यामुळे तिसऱ्या गेममध्ये बॅकहँड उशिरा येतो आणि मनगट ठणकतं. फोरहँडला जड रबर हवंच असेल तर बॅकहँडला मऊ, हलकं घ्या. दुकानात स्वयंपाकघरातला डिजिटल काटा मागून ब्लेडचं वजन करून घ्यायला लाजू नका. एकाच मॉडेलच्या दोन ब्लेडांत ५-६ ग्रॅमचा फरक सहज निघतो.

पाचप्लाय

स्पर्धा खेळणाऱ्यांसाठी दोन गोष्टी राहिल्या. एक बाजू काळीच लागते. दुसरीला ऑक्टोबर २०२१ पासून लालशिवाय गुलाबी, जांभळा, हिरवा, निळाही चालतो. आणि रबर आयटीटीएफच्या चालू यादीत आहे का ते विकत घेण्याआधी बघा, विशेषतः जुने लाँग पिंपल्स. घर्षणच नसलेले गुळगुळीत पिंपल्स २००८ पासून बाद आहेत, तरी जुन्या साठ्यातून अजून विकले जातात.