ऑफिसचा सोशल गोल्फ डे आहे, कधीच खेळले नाहीये, अँब्रोज म्हणजे काय?

निशिगंध
नमस्कार मंडळी, मी मेलबर्नला असते. आमच्या ऑफिसात काही लोकांचा सोशल गोल्फ क्लब आहे, महिन्यातनं एकदा कुठल्यातरी पब्लिक कोर्सवर जातात. यावेळी त्यांचा वर्षाचा मजेचा दिवस आहे म्हणून ज्यांना येत नाही त्यांनाही ओढलंय, त्यात मी. ईमेलमध्ये लिहिलंय चार जणांचा अँब्रोज, शॉटगन स्टार्ट, एनटीपी, लाँगेस्ट ड्राइव्ह आणि नंतर बार्बेक्यू. यातलं बार्बेक्यू तेवढं कळलं. मला हँडिकॅप वगैरे काही नाही, विटीदांडूच्या पुढे माझी मजल गेलेली नाही. माझ्यामुळे टीम हरेल का? बॉल हरवला तर काय करतात? कपडे काय घालायचे? नवरा म्हणतोय जाऊ नको हसं होईल, त्यामुळे आता जाणं भागच आहे.

मेलबर्नचा मामा
बिनधास्त जा ताई. अँब्रोज नवख्यांसाठीच बरा. चौघांनी टीवरनं, म्हणजे सुरुवातीच्या जागेवरनं, मारायचं, त्यातला सगळ्यात चांगला बॉल निवडायचा, बाकीच्यांनी आपापले उचलायचे आणि पुढचा शॉट सगळ्यांनी त्याच जागेवरनं मारायचा, बॉल होलमध्ये जाईपर्यंत असंच चालू. (टीपासून खड्ड्यापर्यंतच्या अख्ख्या पट्ट्यालाही होलच म्हणतात, पूर्ण फेरीत असे १८.) म्हणजे तुमचा बॉल झाडीत गेला तरी कोणाचं काही बिघडत नाही, दुसऱ्या कोणाचा तरी मधोमध असतोच.

हँडिकॅप म्हणजे खेळाडूला मिळणारी शॉटची सूट, जितका कच्चा तितका आकडा मोठा. टीमचा हँडिकॅप म्हणजे चौघांची बेरीज भागिले ८. समजा १२, १८, २७ आणि ३६ असे चौघे असतील तर बेरीज ९३, म्हणजे ११.६. टीमने एकूण ७० शॉट मारले तर सूट वजा करून, म्हणजे नेट, ५८.४, आणि सगळ्यात कमी नेटवाले जिंकतात. ज्याला हँडिकॅप नाही त्याला आयोजक काहीतरी आकडा लावून देतात. २०२० पासून जगभर एकच पद्धत आहे आणि तिच्यात जास्तीत जास्त ५४ मिळतो. आता गंमत बघा, ३६ वाल्याऐवजी ५४ वाला घेतला तर टीमला सव्वादोन शॉट जास्तीचे मिळतात, त्यामुळे तुम्ही ओझं नाही, टीमच्या फायद्याच्याच आहात.

फक्त एक विचारून घ्या, प्रत्येकाचे किती ड्राइव्ह, म्हणजे टीवरचे पहिले फटके, वापरायचे. बहुतेक ठिकाणी किमान तीन किंवा चार असा नियम असतो, एकच पैलवान सगळं मारून मोकळा होऊ नये म्हणून. तुमचे ड्राइव्ह सुरुवातीलाच, जिथे सरळ गेला तिथे वापरून टाका म्हणावं. शेवटच्या दोन होलवर तुमचे तीन बाकी राहिले की सगळ्यांची तोंडं बघण्यासारखी होतात.

आणि पटिंग, म्हणजे बॉल हळूच घरंगळत होलमध्ये ढकलणं! ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, तुम्ही पहिल्या मारा. बॉल कुठे वळतो ते बाकी तिघांना फुकटात दिसतं, आणि गेलाच आत तर तुम्ही हिरो. आदल्या दिवशी घरी गालिच्यावर पेला आडवा ठेवून सराव केलात तरी पुष्कळ झालं.

शॉटगन म्हणजे सगळ्या टीम एकाच वेळी वेगवेगळ्या होलवरनं सुरू करतात, म्हणजे संपतातही साधारण एकत्र आणि कोणाला थंड सॉसेज खायला लागत नाहीत. एनटीपी म्हणजे नियरेस्ट द पिन, पार थ्रीवर (तीन फटक्यांत संपणं अपेक्षित असलेल्या होलवर) पहिल्या फटक्यात ज्याचा बॉल झेंड्याच्या सगळ्यात जवळ. बॉल ग्रीनवर थांबला पाहिजे, मग तिथल्या कागदावर नाव लिहायचं. लाँगेस्ट ड्राइव्हला बॉल फेअरवेवर, म्हणजे मधल्या कापलेल्या गवतावर हवा, बाजूच्या वाढलेल्या गवतात, रफमध्ये, ३०० मीटर गेला तरी उपयोग शून्य.

खडूस पुणेकर
अँब्रोजला गोल्फ म्हणायचं असेल तर म्हणा. स्वतःचा बॉल स्वतः शेवटपर्यंत खेळायचा यातच मजा आहे, आणि नवख्यांसाठी त्यात स्टेबलफर्ड आहेच की. डॉ. फ्रँक स्टेबलफर्ड म्हणून एक ब्रिटिश सर्जन होते, त्यांनी बघितलं की दोनचार होल वाईट गेले की लोक स्कोअरकार्ड फाडून घरी जातात. म्हणून त्यांनी गुणांची पद्धत काढली, लिव्हरपूलजवळच्या वॉलसी क्लबवर १६ मे १९३२ ला तिची पहिली स्पर्धा झाली. तुमच्या हँडिकॅपचे शॉट वजा करून पार, म्हणजे त्या होलला अपेक्षित तेवढेच फटके, आला तर २ गुण, एक जास्त लागला तर १, एक कमी लागला तर ३, आणि फारच वाट लागली तर ० घ्या, बॉल उचला, पुढच्या होलला चला. १८ होलचे मिळून ३६ गुण झाले म्हणजे हँडिकॅपप्रमाणे खेळलात.

आणि ताई, इथे येरवड्याच्या कोर्सवर आमच्या दिमतीला पिशवी उचलणारा कॅडी असतो, कुठे कुठे पुढे आगेवालाही असतो बॉलवर नजर ठेवायला. तिकडे ट्रॉली तुम्हीच ओढायची, बॉलही तुम्हीच शोधायचा, तोही ३ मिनिटांत. आधी ५ होती, २०१९ पासून ३ केली. नवीन बॉल अजिबात नेऊ नका, वापरलेले स्वस्तात मिळतात ते डझनभर घ्या.

मेलबर्नचा मामा
पुणेकर, मुद्दा मान्य, पण ज्यांना बॉल हवेत उडवता येत नाही त्यांना स्टेबलफर्डला बसवलं तर दुपारपर्यंत चार गुण आणि रडवेला चेहरा. अँब्रोजमध्ये निदान गप्पा होतात.

चिंगी
मी जाते अशा दिवसांना, स्कोअरसाठी नाही, टाइमपाससाठी. कॉलरवाला टीशर्ट घाला, जीन्स नको, टोपी आणि सनस्क्रीन विसरलात तर संध्याकाळी टोमॅटो. वाळूची छोटी बादली देतात ती घ्या, फटक्याबरोबर गवताचं ढेकूळ उडालं की खड्ड्यात वाळू भरायची, तेवढं केलंत तरी लोक खूश. बॉल माणसांकडे जातोय असं वाटलं की लाजू नका, जोरात फोऽर ओरडा.

चॅरिटीसाठी मलिगन विकतात, म्हणजे पैसे देऊन फटका परत मारायचा. काही ठिकाणी दोरी पण विकतात, मीटरभर दोरी घ्यायची आणि बॉल होलच्या काठावर अडला की तेवढी दोरी कापून बॉल आत सरकवायचा, शॉट मोजायचाच नाही. शुद्ध लाचखोरी आहे पण मजा येते. आणि कोणाचा होल इन वन झाला तर रिवाजाप्रमाणे बारमधलं सगळ्यांचं बिल त्याने द्यायचं, त्यामुळे देवाकडे मागताना जपून.

बक्षिसात मीट ट्रे असतो, म्हणजे कच्च्या चॉप्स आणि सॉसेजचा भला मोठा ट्रे. आमच्या ओळखीचे एक पक्के शाकाहारी काका दरवेळी एनटीपी मारतात आणि ट्रे शेजाऱ्याला देतात, शेजारी आता आधीच फोन करून विचारतो मॅच कधी आहे.

कोर्स मेलबर्नजवळच्या अँगलसी गावाचा असेल तर फेअरवेवर कांगारू पसरलेले असतात. हटवायला जाऊ नका, मोठा नर उभा राहिला की आपलीच टरकते. बॉल त्यांच्यात गेला तर दुसऱ्याचा निवडा, अँब्रोज आहे ना.

निशिगंध
बाप रे, केवढी माहिती! कोर्स अँगलसीचाच आहे. दोरी तर मी घेणारच. टीममध्ये एक १४ हँडिकॅपवाले गंभीर गृहस्थ आहेत, त्यांना ड्राइव्हचं मामांच्या शब्दांत आधीच सांगून ठेवते. अजून एक, हातमोजा एकच मिळतो दुकानात, तो कुठल्या हातात घालायचा?

मेलबर्नचा मामा
उजव्या हाताने खेळणार असाल तर डाव्या. आणि पटिंगच्या वेळी काढून खिशात ठेवा, बहुतेक सगळे ठेवतात.

खडूस पुणेकर
कांगारूंचे फोटो टाका. स्कोअर नाही टाकलात तरी चालेल.