मदत हवी आहे: पिवळे दोन खडे, यातला गंधक कुठला?

सोलापुरात राहते. भाची आठवीत, दगड गोळा करायचा तिला भारी नाद. मोहोळजवळ आमच्या विहिरीचं खोदकाम चालू असताना काळ्या पाषाणाच्या पोकळीतून तिने मधाच्या रंगाचा खडा आणला. दुसरा पिवळाधमक, साखर कारखान्याच्या रस्त्याकडेला सापडलेला. दोन्ही गंधकच, असं तिचं म्हणणं. शाळेच्या प्रदर्शनात चिठ्ठी चुकीची लागायला नको.

रस्त्यावरच्या खड्यावर नखाने ओरखडा उठतो. फरशीच्या खरबरीत पाठीवर फिकट पिवळी रेघ. वजन ६२ ग्रॅम, बुडवल्यावर पाणी ३० मिली चढलं, म्हणजे घनता साधारण २.१. मुठीत धरून कानाशी नेला तर बारीक तडतड! विहिरीतला नखाला दाद देत नाही. जाळून पाहिलेलं नाही.

आपल्याकडच्या दगडात नैसर्गिक गंधक मिळतो का?

प्रतिसाद:
ताई, जाळला नाहीत हे फार बरं केलंत. गंधक निळ्या ज्योतीने जळतो, पण त्यातून निघणारा सल्फर डायऑक्साइड हा घातक वायू घरात नकोच.

विहिरीतल्याची चिमूटभर भुकटी करून व्हिनेगर टाका. फसफसली तर कॅल्साइट, म्हणजे चुन्याचं खनिज. आपल्या बेसाल्टच्या, म्हणजे लाव्हा थंड होऊन झालेल्या काळ्या पाषाणाच्या, पोकळ्यांत तो झिओलाइट नावाच्या खनिजांसोबत सापडतो.

दुसरा नक्की गंधक, पण इथल्या जमिनीतला नव्हे. साखर कारखाने गंधक जाळून तो धूर उसाच्या रसात सोडतात, रस निवळावा म्हणून. ट्रकमधून पडला असणार. हा गंधक बहुधा तेलशुद्धीकरणातून येतो. खनिज म्हणायचं तर निसर्गात घडलेला हवा: ज्वालामुखीच्या भेगांशी वायूंतून स्फटिक धरतात, लडाखच्या पुगा खोऱ्यात गरम झऱ्यांच्या परिसरात गंधक आहे. आपल्याकडचा लाव्हा थंड होऊन साडेसहा कोटी वर्षं झाली. नैसर्गिक काय नि कारखान्याचा काय, गंधकाची घनता, कठीणपणा सारखाच, त्यामुळे सापडल्याची जागा चिठ्ठीवर लिहाच.

तडतड मात्र पुन्हा ऐकू नका. गंधकातून उष्णता नीट वाहत नाही. हाताच्या उबेने वरचा थर फुगतो, आतला तसाच राहतो, खडा तडकतो. सोलापूरच्या उन्हात खिडकीत तर मुळीच ठेवू नका. चांदीजवळही नको, काळी पडेल.

धागाकर्ती:
भुकटी फसफसली! मनापासून आभार. भाचीने चिठ्ठी स्वतःच लिहिली: ‘गंधक. कारखान्याच्या रस्त्यावर सापडला. खनिज नव्हे.’