मज्जारज्जूला डी-५ ला (छातीच्या पाचव्या मणक्याशी) इजा: व्हीलचेअरवर बसवलं की डोकं ठणकतं, बीपी १७०. घरी आधी काय करायचं?

सत्तरीकार
पेशंट माझा धाकटा भाऊ, वय ३८. माडावरून पडून डी-५ ला पूर्ण इजा, ऑपरेशनला सात महिने झाले. वाळपईजवळ घरीच असतो. लघवीसाठी १४ नंबरची सिलिकॉन फोली (मूत्राशयात कायम ठेवायची नळी, कॅथेटर) आहे, दर चार आठवड्यांनी बदलतो. शौच एक दिवसाआड, सपोझिटरी (गुदद्वारात ठेवायची गोळी) घालून. रोजचं बीपी १००/६० च्या आसपास.

पंधरवड्यात तीनदा असं झालं: व्हीलचेअरवर बसून दोनेक तास झाले की डोकं ठणकायला लागतं, चेहरा लालबुंद, कपाळावर घाम, नाक चोंदतं. पाय मात्र गार, मांडीवर काटा. नाडी ५२, बीपी १७०/१००. आम्ही खाटेवर आडवं करतो, तर डोकं आणखी दुखतं, मग पाऊण तासाने उतरतं. बीपीची गोळी सुरू करा असं दोघांनी सुचवलंय.

शिवाय पाऊस लागल्यापासून माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग आहे, एअर बेड (पंपाने हवा भरणारी गादी) असूनही. या दोन्हींचा काही संबंध?

बांबोळी_वॉर्ड
रोजची बीपीची गोळी आपल्या मनाने अजिबात सुरू करू नका. १००/६० वाल्याला ती दिली तर उरलेला दिवस चक्कर येऊन पडून राहील. हा बीपीचा आजारच नव्हे. याला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात आणि डी-६ किंवा त्याच्या वर इजा असलेल्या कुणालाही तो होऊ शकतो. त्याची सुरुवात घरातच आवरावी लागते. रेंगाळला तर फिट येते, मेंदूत रक्तस्राव होतो, म्हणून 'उतरतं आपोआप' यावर राहू नका.

इजेच्या खाली काहीतरी त्रास देतंय: मूत्राशय तुंबलंय, आतडं भरलंय, कातडी दबलीय. भावाला ते जाणवत नाही, पण मज्जारज्जूच्या खालच्या भागाला कळतं आणि पोटातल्या, पायांतल्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात. बीपी चढतं. त्या सैल करायचा मेंदूचा निरोप डी-५ च्या पलीकडे उतरत नाही. वरच्या अंगात तो पोचतो, म्हणून चेहरा लाल, घाम, नाक चोंदलेलं आणि नाडी संथ. पाय गार ते यामुळेच.

पहिली गोष्ट, आडवं करायचं नाही. उलट करायचं. ताठ बसवा, पाय खाली सोडा, म्हणजे रक्त पायांकडे उतरून बीपी थोडं तरी खाली येतं. पोटाचा पट्टा, लघवीच्या बॅगेचा मांडीवरचा पट्टा, स्टॉकिंग, बूट, पँटचं बटण, सगळं सैल करा. एकाने दर २ ते ५ मिनिटांनी बीपी घ्यायचं, दुसऱ्याने कारण शोधायचं. शोधायचा क्रम ठरलेला आहे: आधी लघवी, मग शौच, मग कातडी. कातडीत पायाचं रुतलेलं नखसुद्धा आलं, पँटच्या मागच्या खिशातलं पाकीटसुद्धा आलं.

शौच तपासायची घाई नको. गुदद्वारात नुसतं बोट घातल्यानेही बीपी आणखी उसळतं. वरचा आकडा १५० च्या खाली आल्यावरच, २ टक्के लिग्नोकेन जेली (बधिर करणारी) आत सोडून निदान दोन मिनिटं थांबून मग हात लावा. हात लावल्यावर पुन्हा चढलं तर तिथेच थांबा.

कारण सापडत नाही आणि वरचा आकडा १५० च्या वरच आहे, तर १०८ ला फोन. ॲम्ब्युलन्समध्येही बसवूनच न्या, हे त्यांना आवर्जून सांगा. सवयीने स्ट्रेचरवर सपाट झोपवतात. वाळपईहून बांबोळीचं सरकारी हॉस्पिटल म्हणजे तासाभराची वाट, तोवर सपाट नको. एक कार्ड कायम व्हीलचेअरला अडकवून ठेवा: इजा डी-५, रोजचं बीपी १००/६०, ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया होतो, बसवून ठेवा, कॅथेटर तपासा. कॅज्युअल्टीत १४०/९० बघून कुणी 'थोडंसंच वाढलंय' म्हणू शकतं. रोज १०० असणाऱ्याला १४० म्हणजे भलतंच चढलेलं. रोजच्यापेक्षा २० ते ४० ने वाढलं की सावध व्हायचं. लैंगिक ताकदीची गोळी गेल्या एक-दोन दिवसांत घेतली असेल तर डॉक्टरांना सांगाच, संकोच करू नका. बीपी उतरवायचं नायट्रेटचं औषध तिच्यावर दिलं तर बीपी धोकादायक कोसळतं.

होमनर्सिंग_फोंडा
वर सगळं बरोबर आहे. तुमच्याकडचं कारण मात्र तुमच्या लिहिण्यातच दिसतंय. बसल्यावर दोन तासांनी सुरू होतं, आडवं केल्यावर पाऊण तासाने उतरतं. म्हणजे खुर्चीत बसवताना नळी मांडीखाली दबत असणार आणि खाटेवर उचलून नेलं की ती मोकळी होत असणार. झोपवल्याने बरं वाटत नाही, नळी सुटल्याने वाटतं.

उद्या बसवाल तेव्हा जोडणीपासून बॅगेपर्यंत नळीवरून बोट फिरवा. नळी मांडीच्या वरून जायला हवी, खालून नाही. मांडीवर टेपने बांधताना दोन बोटांची ढील ठेवा. बॅग मूत्राशयापेक्षा खाली, पण जमिनीला न टेकलेली, आणि दोन तृतीयांश भरली की रिकामी. बसल्यापासून दोन तासांत १०० मिलीही आली नसेल तर नळी अडली असं धरून चाला.

कुठे पीळ नाही आणि तरी येत नाही, तर आत गाळ बसलाय. अंगाइतकं कोमट निर्जंतुक सलाइन १० ते १५ मिली, सिरिंजने हळूहळू. तेवढं परत आलं नाही तर आणखी भरू नका, तुंबलेल्यात भर पडते. मग नळीच्या आतल्या टोकाच्या फुग्यातलं पाणी सिरिंजने पूर्ण काढा, जुनी नळी काढा, लिग्नोकेन जेली घालून दोन मिनिटं थांबा आणि नवी घाला. हे शिकलेल्या माणसानेच करायचं. घरात कुणी शिकलेलं नसेल तर थांबू नका, लगेच १०८ ला फोन करा. एक जादा फोली, जेली, १० मिलीची सिरिंज एका डब्यात तयार असू दे. पोटावर दाबून किंवा थापटून लघवी काढू नका, बीपी त्यानेही चढतं.

नुसती गढूळ लघवी दिसली म्हणून अँटिबायोटिक नको. ताप, थंडी, पायांचे झटके अचानक वाढणं, यातलं काही असेल तर तपासणी.

व्रण_सेवा
डागाचा संबंध असू शकतो, दबलेली कातडीही हेच करते. आधी डाग दाबून बघा. बोट उचलल्यावर पांढरा होऊन लाली परत येते, तर अजून वेळ आहे. पांढरा होतच नाही, तर बेडसोअरची पहिली पायरी. सावळ्या कातडीवर रंग फसवतो, तिथे हाताने बघा: आजूबाजूपेक्षा गरम, कडक किंवा लिबलिबीत लागतं का.

डाग पूर्ण जाईपर्यंत त्या जागेवर भार नको, म्हणजे उताणं झोपणं बंद आणि खुर्चीही जवळजवळ बंद. कूस दर दोन तासांनी, ३० अंशांत, पाठीमागे उशी. पूर्ण कुशीवर वळवलं तर खुब्याचं हाड दबतं. टाचा पोटरीखालच्या उशीने अधांतरी. डागाला तेल लावून चोळू नका, आतली दुखावलेली कातडी आणखी फाटते. रिंगची उशी फेकून द्या, ती कडेचा रक्तपुरवठा तोडते.

खाटेचं डोकं एरवी ३० अंशांपेक्षा वर नको, माणूस घसरतो आणि माकडहाडावरची कातडी ओढली जाते. डिसरिफ्लेक्सियाच्या वेळी ताठ बसवणं वेगळं, तेव्हा जीव आधी.

पावसाळ्यात गोंयच्या हवेत चादर वाळत नाही, दमट चादर अंगाखाली जाते आणि तिच्याखाली मॅकिनटॉश (रबरी कापड) असलं की घाम तिथेच मुरतो. मॅकिनटॉश फक्त शौचाच्या वेळी. पावडर नको, गुठळ्या होऊन रुततात. एअर बेडवर एकच सुती चादर, जाड गोधडी घातली तर एअर बेडचा उपयोगच उरत नाही. भाऊ झोपलेला असताना तळहात वर करून गादीखाली माकडहाडाच्या जागी सरकवा. हाड आणि हात यांच्यात इंचभर तरी हवा लागली पाहिजे.

सत्तरीकार
नळी खरंच उजव्या मांडीखालून जात होती. गादीखाली हात घातला तर हाड सरळ हाताला लागतं. पंप चालू आहे, आवाजही येतो. आणि आमच्याकडे पावसात वीज चार-चार तास नसते.

व्रण_सेवा
आवाज येतो म्हणजे फक्त पंपाची मोटर चालते. दोन्ही नळ्या एकेक करून पंपावरून काढा, तोंडाशी बोट धरा. दोन्हींतून आळीपाळीने, काही मिनिटांच्या अंतराने हवा आली पाहिजे. एकीतून येत नसेल तर बिघाड पंपातच आहे, बहुधा रबरी पडदा फाटलाय, गादी बदलायची गरज नाही. दोन्हींतून येत असेल तर दाबाची कळ भावाच्या वजनावर लावलीय का बघा, मग गादीच्या फुग्यांवर साबणाचं पाणी फिरवा, बुडबुडे येतील तिथे गळती.

विजेसाठी: पंप साधारण १० वॅटचाच असतो, छोट्या इन्व्हर्टरवर रात्रभर चालतो. तो येईपर्यंत एअर बेडखाली चार इंची फोम ठेवा, आणि वीज गेल्यापासून कूस दोन नव्हे, एकेक तासाने.