मदत हवी आहे : नॅट किंग कोलच्या टीव्ही कार्यक्रमातील चढा सूर आणि घरघर

अमेरिकन गायक नॅट किंग कोलच्या एनबीसी वाहिनीवरच्या शोचे (१९५६-५७) काही भाग पाल (सेकंदाला २५ चित्रांची टीव्ही पद्धत) डीव्हीडीवरून उतरवून घेतले आहेत. मूळ किनेस्कोप, म्हणजे टीव्हीच्या पडद्यावरून १६ मिमी फिल्मवर घेतलेली प्रत, सेकंदाला २४ चित्रांची. पालमध्ये ती २५ने पळते, म्हणून सूर जवळपास पाऊण सेमीटोन (लगतच्या दोन सुरांतलं अंतर) चढतो. विजेची घरघरही ६२.५ हर्ट्झवर दिसते (अमेरिकेतली वीज ६० हर्ट्झची), म्हणजे निदान पक्कं. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादन प्रोग्राममध्ये वेग ०.९६ पट केला की दोन्ही जागेवर येतात. नुसता टेम्पो बदलू नका, त्याने सूर तसाच राहतो.

अडलंय ते पुढे. ६०, १२० आणि १८० हर्ट्झवर नॉच (तेवढीच कंपनसंख्या कापणारा फिल्टर) लावला की घरघर जाते, पण कोलचा खालचा आवाज १२०च्या आसपासच असल्याने तो पोकळ होतो. क्यू (नॉच किती अरुंद ते ठरवणारा आकडा) ३०च्या वर नेला तर आवाज वाचतो, पण फिल्मचा वेग किंचित डुलतो, त्यामुळे घरघर नॉचमधून निसटते. नॉइज रिडक्शनने ब्रशचे ड्रम पाण्यातल्यासारखे वाजतात, तो उपाय नकोच.

आधी डुलणं सरळ करून मग नॉच लावावा का? घरघरीलाच संदर्भ धरून वेग दुरुस्त करणारं मोफत साधन कुणी वापरलंय का? सेटिंगसह सांगा.