मदत हवी आहे: बंद पडलेल्या पबचा इतिहास कसा शोधायचा?

पायरीचा_दगड: आमचं घर पूर्वी पब होतं. कधी सुरू झाला, कधी बंद पडला, कोण चालवायचं, काहीच कळत नाहीये. दोन आठवडे गूगल करून थकलो. दारावर पाटीची लोखंडी दांडी अजून आहे, तळघरात पिंपं उतरवायचा उतार आहे. प्लीज लवकर सांगा.

रानजाई: कुठला देश? पबचं नाव?

पायरीचा_दगड: इंग्लंड, सफोक. नावच तर हवंय.

खडूफळा: 1921 ची जनगणना बघा, फाइंडमायपास्ट या वंशावळ शोधायच्या साइटवर. मला माझ्या घराचं सगळं तिथेच मिळालं.

नकाशेवाला: पैसे भरायच्या आधी नकाशे बघा. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या साइटवर ऑर्डनन्स सर्व्हेचे (ब्रिटनचं सरकारी नकाशा खातं) जुने नकाशे फुकट आहेत. 'पी.एच.' म्हणजे पब्लिक हाउस, 'बी.एच.' म्हणजे बिअर हाउस, फक्त बिअर विकायची जागा. बिअर हाउस असेल तर 1830 ते 1869 मॅजिस्ट्रेटच्या परवान्यांच्या वह्यांत शोधू नका. तेव्हा दोन गिनी (जुनं इंग्रजी चलन) भरले की अबकारी खातं थेट परवाना द्यायचं.

खडूफळा: नकाशात माणसं सापडत नाहीत.

नकाशेवाला: आणि जनगणनेत खेड्यातल्या पानावर पुष्कळदा पबचं नाव नसतं.

आजोळ_बार्देश: गोव्यातल्या आजोळच्या तावेर्नची, म्हणजे दारूच्या गुत्त्याची, आठवण झाली. फेणीचे काचेचे बुधले, थंडगार शहाबादी फरशी. तीही बंद पडली.

चौकट: परत पब करायला काउन्सिलची प्लॅनिंग परवानगी लागते, दारूचा परवाना वेगळा.

पायरीचा_दगड: पब नाही हो करायचा! शेजारचे 91 वर्षांचे आजोबा आमच्या वरच्या खोलीत जन्मले. पब त्यांचे वडील चालवायचे. परवा घरी आले तर जिन्याच्या कठड्यावर हात ठेवून कितीतरी वेळ उभे होते. त्यांना आता नीट आठवत नाही. ते आहेत तोवर मला हे त्यांच्या हातात द्यायचंय.

रानजाई: अहो, हे आधी सांगायचं ना! आजोबा 1921 नंतर जन्मलेले, मग त्या जनगणनेचा उपयोग नाही, आणि 1931 ची जनगणना 1942 मध्ये जळाली. 1939 चं रजिस्टर बघा, महायुद्ध सुरू होताना केलेली लोकांची नोंद. आजोबांची ओळ झाकलेली असेल, शंभरीच्या आतल्यांची झाकतात. वडिलांची मात्र व्यवसायासकट दिसायला हवी.

नकाशेवाला: घराच्या जुन्या खरेदीखतात विकणारा कोण आहे?

पायरीचा_दगड: आत्ता काढलं. टॉलमॅश अँड कॉबोल्ड.

नकाशेवाला: झालं की काम! त्या दोन ब्रुअऱ्या (बिअरचे कारखाने) 1957 मध्ये एक झाल्या, म्हणजे विक्री त्यानंतरची. इप्सविचला 'द होल्ड'मध्ये, म्हणजे सफोकच्या अभिलेखागारात, परवान्यांच्या वह्या मागा, 1957 पासून पुढे.

पायरीचा_दगड: 1939 मध्ये वडील सापडले! नाव वाचून दाखवलं तर आजोबांनी पुन्हा वाचायला लावलं. इप्सविचला त्यांना घेऊनच जातो.