मदत हवी आहे: शनिवारी शाळेत आदित्य-एल१ दाखवायचंय, टीव्हीवर लाइव्ह चालतच नाही

खडूफळा | ३१ ऑगस्ट २०२३, संध्याकाळी ७:४२

नमस्कार. परवा शनिवारी ११:५० ला इस्रोच्या आदित्यचं, सूर्याचा अभ्यास करणाऱ्या यानाचं, उड्डाण आहे. शाळेत टीव्ही आहे, नेट आहे, तरी लाइव्ह चालत नाही. चांद्रयान उतरलं त्या संध्याकाळी मुलं, पालक, सरपंच, सगळे शाळेत जमले होते आणि ऐन शेवटच्या टप्प्यात नुसतं गोल फिरत राहिलं. गावात फटाके वाजले तेव्हा आम्हाला कळलं उतरलं म्हणून. ह्या वेळी तसं नको. आज परत लावून बघितलं तर आज तेवढंही नाही. काय करायचं ते सांगा, मध्ये उद्याचा एकच दिवस आहे.

वायरमन_नाना | ७:५१

डीडी फ्री डिश लावा. डीडी नॅशनलवर थेट दाखवतात. नेटची कटकट नाही, रिचार्ज नाही. विषय संपला.

गुंडाभाऊ | ७:५८

"नेट आहे" म्हणजे काय आहे? ब्रॉडबँड, ग्रामपंचायतीचं वायफाय, की मोबाइलचा हॉटस्पॉट? टीव्ही कुठला, स्मार्ट की साधा? आणि "चालत नाही" म्हणजे अडकतं, उघडतच नाही, की काही एरर येतो? ह्या तिन्हींवर उपाय वेगळे आहेत.

सावळागोंधळ | ८:०३

अहो त्या दिवशी यूट्यूबच अडकलं असणार. एका वेळी ८० लाखांवर लोक बघत होते, पेपरात आलं होतं. एवढ्या गर्दीत काय चालणार!

गुंडाभाऊ | ८:१०

@सावळागोंधळ, ८० लाख बघत होते म्हणजे ८० लाखांना दिसत होतं ना! यूट्यूब एकाच ठिकाणाहून सगळ्यांना व्हिडिओ पाठवत नाही. जागोजागी सर्व्हर असतात, तुमच्या मोबाइल कंपनीच्या जाळ्यातसुद्धा असतात. अडकतं ते बहुतेक शेवटच्या टप्प्यात, टॉवर ते तुमचा फोन. संध्याकाळी सहाला अख्खं गाव एकाच टॉवरवर तोच व्हिडिओ बघत असेल तर वाट लागणारच.

खडूफळा | ८:१५

हॉटस्पॉट आहे, माझ्याच फोनचा. टीव्ही स्मार्ट आहे, लोकवर्गणीतून घेतलेला, ४३ इंची. गाव अकोले तालुक्यात, आतल्या बाजूला. टॉवर समोरच्या डोंगरावर आहे.

अवकाशवेडा | ८:२२

गुरुजी, चिंता नको. शनिवारी इस्रोचं थेट प्रक्षेपण ११:२० पासून आहे: इस्रोची वेबसाइट, यूट्यूब, फेसबुक आणि डीडी नॅशनल. मुलांना सांगून ठेवा, रॉकेट पीएसएलव्ही-सी५७ आहे, त्याचा एक्सएल प्रकार, बाजूला सहा बूस्टर. आदित्यवर सात उपकरणं आहेत. त्यातली सूट ही अतिनील किरणांची दुर्बीण आपल्या पुण्यात आयुका ह्या खगोलशास्त्राच्या संस्थेने केली आहे!!

वायरमन_नाना | ८:२५

डीडी नॅशनल. मी तेच सांगतोय.

कोरा_कागद | ८:३३

@अवकाशवेडा, मुख्य उपकरण व्हीईएलसी, ते बंगळुरूच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेचं आहे. पुणेकरांनी सूर्य एकट्याने शोधल्यासारखं करू नये.

अवकाशवेडा | ८:३६

मी "मुख्य" म्हटलंच नाही. सूट म्हटलं. परत वाचा.

सावळागोंधळ | ८:४१

माझी एक शंका. सूर्याकडे पाठवलं तर जळणार नाही का ते?

कोरा_कागद | ८:४७

नाही. आदित्य जिथे जाणार तो एल१ बिंदू पृथ्वी आणि सूर्य यांच्या मध्ये, पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किमी. सूर्य आहे १५ कोटी किमीवर. म्हणजे वाटेचा एकच टक्का जायचं आहे. चंद्राच्या चौपट लांब, बस. तरी पोचायला चार महिने लागतील.

गुंडाभाऊ | ८:५२

सूर्य राहू द्या बाजूला. गुरुजी, तिसरा प्रश्न तसाच राहिला. आज नक्की काय होतंय? अडकतं की उघडत नाही?

खडूफळा | ९:०५

उघडत नाही. यूट्यूब लावलं की "कनेक्शन तपासा" येतं. वायफायला जोडलेलं दाखवतो, हॉटस्पॉटवर टीव्हीचं नावही दिसतं. माझ्या फोनवर तोच व्हिडिओ चालतो. टीव्हीच खराब झाला का? दुकानदार म्हणतो बोर्ड गेला, तालुक्याला घेऊन या.

रानजाई | ९:०९

दादा, टीव्ही कुठेही नेऊ नका. आधी सांगा, टीव्हीच्या सेटिंगमध्ये तारीख काय दिसते?

खडूफळा | ९:१२

तारखेचा काय संबंध? मला लाइव्ह बघायचंय.

रानजाई | ९:२०

संबंध आहे. यूट्यूबसारख्या साइटला जोडताना टीव्ही तिचं डिजिटल प्रमाणपत्र तपासतो. त्यावर "ह्या तारखेपासून ह्या तारखेपर्यंत वैध" असं असतं. टीव्हीचं घड्याळ जुनंच वर्ष दाखवत असेल तर त्याच्या दृष्टीने ते प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं नाही, म्हणून तो जोडणी नाकारतो. वायफाय जोडलेलं दिसतं, इंटरनेट मात्र नाही. मेन स्विच बंद असलेल्या किंवा वीज गेलेल्या टीव्हीत हे नेहमी होतं. मी पंचायत समितीत कॉम्प्युटर सांभाळते, पावसाळ्यात निम्म्या तक्रारी ह्याच.

श्रीहरी_दर्शन | ९:३१

टीव्हीवर कशाला बघता, एकदा प्रत्यक्ष बघा! चेन्नईहून गुडूरकडे जाणाऱ्या गाडीने सुल्लुरपेटा स्टेशन, तिथून श्रीहरीकोटा. इस्रोने लोकांसाठी प्रेक्षक गॅलरी बांधली आहे, वेबसाइटवर नोंदणी करावी लागते, लगेच भरते. आवाज पोटात घुमतो हो! आधी उजेड दिसतो, आवाज मागून येतो.

वायरमन_नाना | ९:३४

जिल्हा परिषदेच्या पोरांना परवापर्यंत श्रीहरीकोट्याला न्यायचं? गुरुजींनी विचारलं काय, तुम्ही सांगता काय!

खडूफळा | १ सप्टेंबर, सकाळी १०:१८

तारीख १ जानेवारी २०१५ होती. "आपोआप" बंद करून हाताने आजची टाकली. यूट्यूब उघडलं.

आता उघडतं पण मध्येमध्ये अडकतं. पुढे?

रानजाई | १०:२४

छान. शाळेतला टीव्ही रोज मेनपासून बंद होत असणार, म्हणजे उद्या सकाळी तारीख परत तपासा.

सावळागोंधळ | १०:४०

ही घ्या लिंक, इथे आत्ताच लाइव्ह चालू आहे, एकदम क्लिअर. (लिंक)

कोरा_कागद | १०:४६

उड्डाण उद्या आणि तुमच्याकडे आज लाइव्ह? ते संगणकावर केलेलं चलचित्र आहे, कोपऱ्यात "लाइव्ह" लिहिलंय एवढंच. असले चॅनल चांद्रयानाच्या वेळीही बघितले. स्पेसएक्सच्या नावाने तर याहून वाईट: मस्कचा चेहरा, खाली क्यूआर कोड, "पैसे पाठवा, दुप्पट मिळवा". मुलांसमोर असलं काही उघडू नका. इस्रोच्या वेबसाइटवर जा आणि तिथूनच त्यांच्या यूट्यूब चॅनलला जा.

गुंडाभाऊ | ११:०२

गुरुजी, अडकण्याबद्दल. क्वालिटी "ऑटो"वर ठेवू नका, हाताने ४८० करा. वर्गातल्या टीव्हीला पुरे आहे आणि तासाला साधारण अर्धा-पाऊण जीबीत भागतं. रोजचा डेटा किती मिळतो? उद्या सकाळपासून त्या फोनवर दुसरं काही बघू नका. फोन टीव्हीशेजारी न ठेवता डोंगराकडच्या खिडकीत ठेवा आणि चार्जरला लावा. हॉटस्पॉट वर्गाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत सहज पोचतो. टॉवरची रेंज भिंतीआड मरते.

खडूफळा | ११:१०

दीड जीबी. खिडकीत दोन कांड्या जास्त येतात.

गुंडाभाऊ | ११:१९

मग पुरेल. आता महत्त्वाचं: एक मिनिट मागे राहा. प्रक्षेपण सुरू झालं की मुद्दाम पॉज करा, मिनिटभराने परत चालू करा. मागे राहिलात की पुढचा थोडा भाग आधीच उतरून ठेवता येतो, रेंज जराशी गेली तरी चित्र थांबत नाही. अगदी ताज्या क्षणाला चिकटलात तर हाताशी साठा काहीच नसतो. आणि अडकलं म्हणून कुणी लाल "लाइव्ह" बटण दाबू नका, त्याने परत टोकाला जाल.

अवकाशवेडा | ११:२६

मग ते लाइव्ह कसलं?! काउंटडाऊन सगळ्या देशाबरोबर म्हणण्यात मजा आहे. एक मिनिट मागे म्हणजे रेकॉर्डिंगच की.

गुंडाभाऊ | ११:३१

यूट्यूबचं लाइव्ह एरवीही काही सेकंद ते अर्धा मिनिट मागेच असतं. वर्गात कुणाला कळणार आहे?

कोरा_कागद | ११:३३

ज्या सूर्यासाठी एवढा खटाटोप, त्याचा उजेडच आठ मिनिटं उशिरा येतो. त्याला कुणी रेकॉर्डिंग म्हणत नाही.

अवकाशवेडा | ११:३५

बरं बरं.

वायरमन_नाना | ११:४८

डिशचं काय झालं? कुणी उत्तरच देत नाही. गावात एका तरी घरी असेलच. सेट-टॉप बॉक्स काढून शाळेत आणायचा, केबल ओढायची, तासाभराचं काम.

रानजाई | ११:५५

नाना, तुमचं बरोबर आहे. नेट गेलं तर दुसरी सोय तीच. पण छत्री जागेवरून हलवली की दिशा परत लावावी लागते, पावसात ते तासाभरात होत नाही. जिथे लागलेली आहे त्याच घरात उद्या मुलांना बसवता येईल का, ते आज विचारून ठेवा.

खडूफळा | १:३०

शाळेला लागूनच एक काकू आहेत, त्यांच्याकडे डिश आहे. हो म्हणाल्या. अडचण वेगळीच आहे, शनिवारी सकाळची शाळा, अकराला सुटते. मुलं थांबतील पण पालकांना सांगावं लागेल. किती वेळ धरू?

कोरा_कागद | १:४१

उड्डाण ११:५०. यान रॉकेटपासून सुटणार सुमारे ६३ मिनिटांनी, म्हणजे एकच्या आसपास. चौथा टप्पा मध्ये बराच वेळ बंद ठेवून परत पेटवणार आहेत, त्या काळात पडद्यावर फक्त आलेख आणि समोर बसलेले शास्त्रज्ञ. लहान मुलांना बाराला सोडा. मोठ्यांना थांबवा.

मिशिगनचा_म्हाद्या | ५:५०

आमच्याकडे तेव्हा रात्रीचे २:२० वाजलेले असतील. तुमचं सुख आहे राव. इकडे मुलाला उठवावं की नाही ह्यावरून घरात चर्चा चालू आहे.

वायरमन_नाना | ५:५८

उठवा. झोप काय रोजचीच आहे.

खडूफळा | २ सप्टेंबर, सकाळी १०:५२

तारीख परत २०१५. बदलली. ४८० लावलं. फोन खिडकीत. पोरं बसली आहेत.

गुंडाभाऊ | ११:२४

इस्रोचं सुरू झालं. गुरुजी, पॉज.

अवकाशवेडा | ११:५१

उडालंऽऽऽ!!!

सावळागोंधळ | ११:५१

गेलं गेलं! भारत माता की जय!

मिशिगनचा_म्हाद्या | ११:५३

उठवलं. पाच मिनिटं बघून परत झोपला.

रानजाई | ११:५८

खडूफळा दादा? दिसलं का?

खडूफळा | १२:२६

दिसलं. पहिल्या टप्प्यात एकदा हललं, थांबलं नाही. घोळ निराळाच झाला. काकूंच्या घरात बसलेली पोरं डीडीवर आधी ओरडली, तेव्हा आमच्या पडद्यावर रॉकेट अजून जमिनीवर. वर्गातली पोरं म्हणतात, सर, ह्यांना आधीच कसं कळलं? मी म्हटलं त्यांची डिश उंचावर आहे. निम्म्यांना पटलंसुद्धा. चौथीपर्यंतची घरी गेली, मोठी थांबलीत. आता पडद्यावर एक रेघ पुढे सरकतेय, तीच बघत बसलीत.

वायरमन_नाना | १२:२९

म्हणजे डिश एक नंबर.

गुंडाभाऊ | १२:३१

नाना, मिनिटभराचा फरक आम्हीच ठेवला होता. मुद्दाम.

वायरमन_नाना | १२:३२

तरी डिशच पुढे.

कोरा_कागद | १२:५८

यान सुटलं. @खडूफळा, मोठ्या मुलांना आता एवढंच सांगा की आज ते पृथ्वीभोवतीच फिरतंय. कक्षा टप्प्याटप्प्याने मोठी करत नेतील आणि मगच एल१ची वाट धरतील. नाहीतर सोमवारी विचारतील पोचलं का म्हणून.

खडूफळा | १:२०

आत्ताच विचारलं. सर्वांचे आभार. रानजाई ताई, तुमचे विशेष. तालुक्याची खेप वाचली.

सावळागोंधळ | १:३४

एक विचारायचं होतं. तीनला भारत-पाकिस्तान मॅच आहे. मोबाइलवरून टीव्हीवर लावणार आहे. हेच ४८० आणि खिडकी चालेल का?

गुंडाभाऊ | १:३९

चालेल. पण एक मिनिट मागे राहू नका, शेजारी ओरडले की विकेट कळेल.

कोरा_कागद | १:४२

मॅच श्रीलंकेत पल्लेकेलेला, तिथे पाऊस सांगितलाय. आधी मॅच होऊ दे.

वायरमन_नाना | १:४४

डिश लावा.