मदत हवी आहे: को-अ‍ॅक्सियल झालं, आता पुढचं आरसी (रिमोटने उडवायचं) हेलिकॉप्टर कोणतं घ्यावं?

नमस्कार मंडळी,

एकावर एक दोन रोटर असलेलं, घरात उडवायचं छोटं को-अ‍ॅक्सियल हेलिकॉप्टर आता हातात चांगलं बसलंय. टीपॉयवरून उचलायचं, खोलीभर फिरवायचं आणि परत टीपॉयवरच ठेवायचं, हे गप्पा मारता मारता जमतं. म्हणूनच कंटाळा आलाय. बाहेर नेलं तर थोड्याशा झुळुकीनेही ते वाऱ्याबरोबर चालू लागतं. स्टिक शेवटपर्यंत पुढे ढकलली तरी वाऱ्याच्या विरुद्ध इंचभर सरकत नाही.

पुढचं घ्यायचं म्हणून वाचत सुटलो आणि डोक्याचा पार भुगा झाला. समोर तीन पर्याय आहेत. पहिला, एका रोटरचं चार चॅनलवालं (चॅनल म्हणजे रिमोटवरून देता येणारी एकेक स्वतंत्र आज्ञा) फिक्स्ड पिच. दुसरा, तळहाताहून जरा मोठं, सहा चॅनलचं मायक्रो कलेक्टिव्ह पिच. तिसरा म्हणजे, ओळखीतले एक गृहस्थ त्यांचं ४५० साइजचं वापरलेलं हेली रिमोट, चार्जर आणि बॅटऱ्यांसकट द्यायला तयार आहेत. मन तिसऱ्यावर बसलंय, खोटं कशाला बोलू.

जीपीएसवाला ड्रोन व्यवस्थित उडवता येतो, त्याचा इथे काही उपयोग? शिवाय त्या गृहस्थांचा रिमोट मोड १ आहे (थ्रॉटलची, म्हणजे वर-खाली नेणारी स्टिक उजवीकडे) आणि माझा हात मोड २ चा (ती डावीकडे). घरात शाळकरी मुलगी आहे, तिलाही यात पडायचंय. तेव्हा सुरक्षिततेबद्दल हातचं न राखता सांगा.

प्रतिसाद

ड्रोनपासून सुरुवात करतो, कारण गैरसमज तिथेच होतो. जीपीएसवाल्या ड्रोनच्या स्टिक सोडल्या की तो जागच्या जागी थांबतो. कलेक्टिव्ह पिच हेलीच्या सोडल्या तर ते थांबत नाही, ज्या बाजूला कललंय तिकडे घसरत जातं. हॉवर, म्हणजे हवेत एकाच जागी थांबणं, हे दोन्ही अंगठ्यांनी अखंड चालणाऱ्या बारीक दुरुस्त्यांचं काम. ड्रोनमुळे दिशेचं भान आलं असेल तेवढा फायदा धरा.

आता फिक्स्ड आणि कलेक्टिव्हचा फरक. फिक्स्ड पिचमध्ये पात्यांचा कोन कायम असतो. वर जायचं तर रोटर जोरात फिरवायचा, खाली यायचं तर हळू. रोटरला वेग पकडायला क्षणभर लागतो, त्यामुळे प्रतिसाद उशिरा येतो, आणि समोरून वारा लागला की हेली आपोआप वर उचललं जातं. कलेक्टिव्हमध्ये रोटरचा वेग जवळपास स्थिर असतो आणि स्वॉशप्लेट (रोटरखालची हलती चकती) पात्यांचा कोन बदलते. कोन उणेही होतो, म्हणून ते उलटं उडू शकतं आणि वाऱ्यातही पकडीत राहतं. पण याच उणे कोनामुळे नवखे फसतात. आयडल-अप (स्टिक खाली असली तरी रोटर पूर्ण वेगात ठेवणारं रिमोटचं सेटिंग) चालू असताना, उतरवायचं म्हणून सवयीने स्टिक तळापर्यंत ओढली तर मोटर बंद होत नाही. पाती उलट कोनात जातात आणि हेली पूर्ण ताकदीने जमिनीत घुसतं.

तुमच्या तिसऱ्या पर्यायाबद्दल एक हिशेब मांडतो. ४५० ला साधारण ३२५ मिमीची पाती असतात. हब धरून त्रिज्या ३५ सेंमी. मिनिटाला २,५०० फेरे धरले तर पात्याच्या टोकाचा वेग ताशी ३३० किमीच्या घरात जातो. ही पाती बहुधा कार्बन फायबरची. बोट मध्ये आलं तर 'लागलं' यावर भागत नाही. मोठ्या हेलींमध्ये तर प्रकरण जिवावर बेततं. २०१३ साली न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिनच्या एका बागेत स्वतःचंच हेली डोक्याला लागून १९ वर्षांचा एक तरुण गेला, आणि तो काही नवखा नव्हता.

माझं मत विचाराल तर मायक्रो कलेक्टिव्ह घ्या आणि सोबत कॉम्प्युटरवर सिम्युलेटर. मायक्रोचं वजन इतकं कमी असतं की गवतावर आपटलं तर बहुतेक वेळा उचलून पुन्हा उडवता येतं. आपोआप सरळ होणारा 'रेस्क्यू' मोड असलेलं मिळालं तर उत्तमच. ४५० नंतर घ्या, पळून जात नाही.

प्रतिसाद

वरच्या प्रतिसादाशी बराचसा सहमत, पण वापरलेलं ४५० म्हणजे थेट संकट असंही नको. नीट पाहून घेतलं तर सुटे भाग कसे बदलतात ते त्यावरच शिकता येतं. फक्त देणारा 'एकदाच पडलंय' म्हणाला तर त्यावर विसंबू नका. मेन शाफ्ट (रोटर फिरवणारा उभा दांडा) आणि फेदरिंग शाफ्ट (पाती ज्यावर कोन बदलतात तो आडवा दांडा) बाहेर काढून काचेवर लोळवा. शाफ्ट आणि काच यांच्यात मधेमधे उजेडाची फट दिसली तर शाफ्ट वाकलाय, बदला. मेन गिअर हाताने सावकाश पूर्ण फिरवा, एका ठिकाणी अडकल्यासारखं वाटलं तर दात गेलाय. पात्यांच्या मुळाशी बोल्टच्या भोकाजवळ बारीक चीर दिसली तर ती पाती सरळ टाकून द्यायची, त्यांना चिकटवाचिकटवी नाही. आणि मोड १ तुमच्या हाताला कसा मानवेल? बऱ्याच रिमोटमध्ये मोड बदलता येतो, पण थ्रॉटलच्या स्टिकला मध्यावर परत आणणारी स्प्रिंग नसते, ती इकडची तिकडे करण्यासाठी रिमोट उघडावा लागतो.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. ताशी ३३० चा आकडा वाचून मन वळलं, मायक्रो कलेक्टिव्ह नक्की. ४५० ला तूर्तास नाही म्हणतो, रिमोट मोड २ चाच घेईन. आता हॉवर नेमकं कसं सुरू करायचं? को-अ‍ॅक्सियलसारखं जमिनीपासून वीतभर उचलून बघत बसलो तर चालेल ना? आणि लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीबद्दल इतकं भीतीदायक वाचलंय की ती घरात आणायचीच धास्ती वाटते.

प्रतिसाद

वीतभर उंचीवर अजिबात रेंगाळू नका. तिथे रोटरने खाली ढकललेली हवा जमिनीला आपटून परत येते आणि हेली डुचमळत राहतं. नवखा त्या डुचमळण्यामागे स्टिक हलवतो, डुचमळणं वाढतं आणि पातं जमिनीला टेकतं. ठामपणे उचला आणि कमरेच्या उंचीवर न्या. सुरुवातीला स्किडखाली (हेली ज्यावर टेकतं त्या पायांखाली) लांब काड्यांचा ट्रेनिंग गिअर लावा, म्हणजे वेडंवाकडं उतरलं तरी आडवं होणार नाही.

शेपटी कायम आपल्याकडे, यालाच टेल-इन म्हणतात. ते अंगवळणी पडलं की बाजू आपल्याकडे करून हॉवर, आणि सगळ्यात शेवटी नोज-इन. नोज-इनमध्ये डावं-उजवं आणि पुढं-मागं उलटं भासतं, तिथेच सगळे रडतात. ते रडणं सिम्युलेटरवर उरकून घ्या, तिथे पाती फुकट असतात. हेली स्थिर असताना एका बाजूला जरा कललेलं दिसलं तर ट्रिमशी (रिमोटवरच्या बारीक जुळवणीच्या बटणांशी) झटापट करू नका. टेल रोटर हेलीला आडवा ढकलत असतो, त्याची भरपाई म्हणून ते तसंच राहतं. आणि उंचावरून सरळ खाली आणायचं टाळा. स्वतःच्याच ढवळलेल्या हवेत सापडलं की थ्रॉटल वाढवूनही पडत राहतं. थोडं पुढे सरकवत उतरवा.

थ्रॉटल होल्डच्या (मोटर तत्काळ बंद करणाऱ्या) स्विचवर बोट न बघता गेलं पाहिजे. पडणार असं दिसलं की आधी होल्ड, बाकी सगळं नंतर. पातं गवतात अडकलेलं आणि मोटर ढकलतेय, अशाने गिअरचे दात जातात, मोटर किंवा स्पीड कंट्रोलर जळतो. उडवण्यापूर्वी रिमोट आधी चालू, मग हेलीची बॅटरी. बंद करताना उलट. जायरो (हेलीचं वळणं-कलणं ओळखणारा सेन्सर) जुळेपर्यंत हेली सपाट जागी ठेवून हात काढायचा.

एक गोष्ट लोक धरत नाहीत: हाताला इजा व्हायची भीती उडवतानापेक्षा टेबलावर जास्त असते. सेटिंग करताना बॅटरी जोडली, रिमोटवर काहीतरी चुकीचं दाबलं गेलं आणि रोटर सुटला. म्हणून पुढे ४५० आलंच तर सर्व्हो (स्वॉशप्लेट हलवणाऱ्या छोट्या मोटरी) किंवा स्वॉशप्लेट जुळवताना मोटरच्या तीनपैकी दोन वायर काढून ठेवा. सर्व्हो चालतात, रोटरची मोटर फिरत नाही. मायक्रोवर हे दरवेळी जमेलच असं नाही, तिथे पाती काढून काम करा.

प्रतिसाद

लिपोचं बघा. दर सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट, त्याच्या वर कधीच नाही. उडवून झाल्यावर, जरा थंड झाल्यावर ३.७ च्या आसपास असावा. ताण असताना ३ च्या खाली गेला की सेल कायमचा बिघडू लागतो. म्हणून 'अजून थोडं उडवू' हा मोह नको, रिमोटवर टायमर लावा आणि वीसेक टक्के शिल्लक असताना उतरवा. आठवडाभर उडवणार नसाल तर ३.८ वर आणून ठेवा. भरलेली ठेवली तर फुगते आणि फुगलेली परत चार्जरला लावायची नाही.

चार्जिंग १सी ने, म्हणजे बॅटरीच्या क्षमतेइतक्याच करंटने: ३०० एमएएचची असेल तर ०.३ अँपिअर. एकाहून जास्त सेल असतील तर सगळे सेल सारखे भरणारा बॅलन्स चार्जरच. फरशीवर, जवळ पडदे-कागद नसलेल्या जागी आणि तुम्ही खोलीत असताना. रात्री लावून झोपायचं नाही, एवढं पाळलंत तर धास्तीचं कारण नाही.

धागाकर्ता

हे सगळं लिहून घेतलं. एकच राहिलं. मुलीच्या हातात कधी द्यावं? आणि मैदान कसं निवडू?

प्रतिसाद

मैदान मोकळं, गवताचं, माणसं नसलेलं. सूर्य पाठीशी, समोर तारा नकोत. मायक्रोला दहा पावलांचं अंतर पुरे, पण डोळ्यांवर गॉगल दोघींनाही... म्हणजे दोघांनाही. बघणाऱ्यांनी तुमच्या मागे उभं राहायचं, बाजूला नाही. तुमच्या भागातले नियमही बघून घ्या. अनेक देशांत ही हेली ड्रोनच्याच नियमांत मोडतात, २५० ग्रॅमच्या वर नोंदणी आणि १२० मीटर उंचीची मर्यादा बऱ्याच ठिकाणी असते.

मुलीला सिम्युलेटर आजच द्या. मुलांचे अंगठे आपल्यापेक्षा लवकर वळतात, महिन्याभरात ती तुम्हाला नोज-इन शिकवेल. बाहेर मात्र दोन रिमोट जोडता येतील असा सेट बघा, त्याला ट्रेनर किंवा बडी म्हणतात. स्विच तुमच्या हातात, तो धरलेला असेपर्यंत ताबा तिच्याकडे, सोडला की लगेच तुमच्याकडे. रिमोट घेतानाच ही सोय आहे का ते विचारा, स्वस्तातल्या बऱ्याच रिमोटमध्ये ती नसते.